मन रागावतं कोणत्या भाषेत?

भालकीचा माणूस दिवसभरात किती भाषा बोलतो, याची मोजदाद तो ठेवत नाही. तहसीलच्या खिडकीपाशी कन्नड, बाजारात आणि बसस्टँडवर दखनी, घरी चुलीपाशी मराठी. औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुलसूर, तिकडे कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका, सगळीकडे थोड्याफार फरकानं हीच रीत. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या. आजही या भागातली पोर उदगीरला दिली जाते आणि आजारी माणूस लातूरला किंवा सोलापूरला नेला जातो.

सीमाप्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ लिहून झालं. शाळा, पाट्या, सातबाऱ्याची भाषा यांवर भांडून झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बिदर-भालकीचं नाव अजून घेतलं जातं. पण या माणसाला रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ‘तुझ्यानं काही होणार नाही’ हे एकच वाक्य डोक्यात घोळत राहतं, तेव्हा ते वाक्य कोणत्या भाषेत असतं, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. मानसोपचाराच्या दृष्टीनं तो कळीचा आहे.

बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की आणि नंतर शिकलेली इंग्रजी, अशा लोकांच्या बोटांना त्वचेतला सूक्ष्म विद्युत्बदल मोजणारी उपकरणं लावली आणि त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले. साधे शब्द, शिव्या आणि लहानपणी आई-बाप रागावताना म्हणतात ती वाक्यं. या रागावण्याला शरीरानं दिलेला प्रतिसाद मातृभाषेत ठळकपणे जास्त होता. अर्थ दोन्ही भाषांत कळत होता, पण लाज वाटून अंगावर काटा आला तो लहानपणच्या भाषेत.

बिदर-कलबुर्गीच्या दवाखान्यांत मनाच्या आजाराचा विचार होतो, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवी. आणि ती ध्यानात घेणारी एक उपचाररीत जगात आज उपलब्ध आहे. तिला साधन लागतं ते फक्त दोन-तीन खुर्च्यांचं.

ही रीत दोन प्रवाहांतून आली आहे. त्यातला एक रंगमंचावरचा. बुखारेस्टला जन्मलेला डॉक्टर जेकब मोरेनो यानं १ एप्रिल १९२१ रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर रिकामं सिंहासन मांडलं. महायुद्धानंतर देशाला राजा उरला नव्हता. ज्याला वाटेल त्यानं वर यावं, या आसनावर बसून राज्य कसं चालवणार ते सांगावं, असं आवाहन त्यानं केलं. मोरेनोच्याच आठवणीप्रमाणे त्या रात्री कुणी पसंतीला उतरलं नाही. पण आसन बदललं की माणसाचा आवाज बदलतो, ही खूणगाठ त्यानं बांधली आणि पुढे अमेरिकेत त्यातून मनोनाट्य उभं केलं. फ्रिट्झ पर्ल्स यानं साठच्या दशकात कॅलिफोर्नियात रिकाम्या खुर्चीला प्रसिद्धी मिळवून दिली. माणसानं त्या खुर्चीत आपल्या वडिलांना, आपल्या भीतीला, आपल्याच एखाद्या अंगाला बसवायचं आणि तिच्याशी बोलायचं. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले लेस्ली ग्रीनबर्ग यांनी या कामाला शिस्त लावली, टप्पे ठरवले, संशोधनाची जोड दिली.

दुसरा प्रवाह स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञाचा. १९७८ मध्ये विद्यापीठातल्या विभागाच्या बैठकीत बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना, असा भीतीचा जबर झटका त्यांना आला. ही हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. भीतीशी जितकं झगडावं तितकी ती वाढते, या अनुभवातून आणि पुढच्या संशोधनातून ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात ‘ॲक्ट’, आकाराला आली. कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. नको असलेला विचार पुसून टाकण्याच्या मागे ही पद्धत लागत नाही. विचाराकडे विचार म्हणून पाहायचं, दुखतंय ते अंगात जाणवू द्यायचं आणि आपल्याला आयुष्यात मोलाचं काय वाटतं ते ओळखून त्या दिशेनं एक पाऊल टाकायचं, असा तिचा साधारण क्रम.

हे सगळं नुसतं बोलून समजावायला गेलं की हवेत विरतं. ‘तू म्हणजे तुझा विचार नव्हेस’ असं म्हटल्यावर समोरचा मान हलवतो आणि घरी जातो. तो विचार समोरच्या खुर्चीत बसवला, की मात्र गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. म्हणूनच अलीकडे ॲक्ट करणारे उपचारक खुर्च्यांकडे वळत आहेत.

समजा, औराद तालुक्यातला पंचेचाळिशीचा एक शेतकरी आहे. सोयाबीन काढणीला आलं आणि पावसात भिजलं. मुलीच्या लग्नाचं देणं आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तर तो एकच शब्द सांगतो, ‘टेन्शन’. समुपदेशक त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची ओढतो आणि म्हणतो, ‘डोक्यात जे बोलत असतं, ते इथं बसवू. तुम्ही या खुर्चीत या आणि ते तुम्हाला काय म्हणतं, तसंच्या तसं म्हणा.’ शेतकरी दाराकडे पाहतो, कसनुसं हसतो, मग उठून बसतो. सुरुवातीला साहेबासमोर बोलावं तसं अदबीनं बोलतो. समुपदेशक सांगतो, ‘असं नको. घरात बोलता तसं.’ मग पाठ ताठ होते, बोट वर येतं. ‘तुला काय जमलंय आजवर? बापानं राखलेलं रान तुला राखता येईना. चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस.’ हा आवाज कुणासारखा वाटतो, असं विचारल्यावर थोड्या वेळानं उत्तर येतं, ‘आमच्या थोरल्या चुलत्यासारखा.’

तो आपल्या जागी परत येतो. इथं खुर्चीच्या कामाची जुनी पद्धत त्याला उलट उत्तर द्यायला लावेल. ॲक्टमध्ये उपचारक आधी विचारतो, हे ऐकताना अंगात कुठं काय होतंय? छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय. हे बोलणं कधीपासून ऐकता? शाळेत होतो तेव्हापासून. म्हणजे सोयाबीन भिजायच्या कितीतरी आधीपासून. कर्ज यंदाचं, पण हा आवाज तीस-पस्तीस वर्षांचा, हे त्याला तिथं बसल्या बसल्या लख्ख दिसतं. मग बाजूला तिसरी खुर्ची. तिच्यावरून त्या दोघांकडे पाहायचं: एक ओरडणारा, एक मान खाली घालून ऐकणारा. दोघांनाही पाहू शकणारा हा कोण, याचा अनुभव त्या खुर्चीत मिळतो. शेवटचा प्रश्न साधा असतो. ओरडणारा गप्प बसणार नाही असं धरून चाला. तो ओरडत असतानाच उद्या सकाळी कोणतं एक काम करायचं? सोसायटीच्या सचिवाला भेटायचं, महिनाभर टाळलेलं. खुर्ची बरोबर येईल. येऊ दे.

अशा बैठकीनं कर्ज फिटत नाही, ते फेडण्याची वाट शोधायला माणूस घराबाहेर पडतो. एवढं झालं तरी कमी नाही.

मनाशी असं समोरासमोर बोलणं मराठी माणसाला नवं नाही. समर्थांनी २०५ मनाचे श्लोक लिहिले, ते मनालाच समोर बसवून. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत ते पाठ आहेत. फरक इतकाच की तिथं मन हे शिष्य आहे, त्याला उपदेश करायचा आहे. खुर्चीच्या कामात मनालाही त्याचं गाऱ्हाणं पुरतं मांडू दिलं जातं. आणि आसनाची गोष्ट निघाली आहे तर बसवकल्याणचं नाव घ्यावंच लागेल. तिथल्या अनुभव मंटपात, शरणांच्या बाराव्या शतकातल्या सभेत, अल्लमप्रभू शून्यसिंहासनावरून चर्चा चालवत, अक्का महादेवी आल्या तेव्हा त्यांनाही तिथं प्रश्नोत्तरांना सामोरं जावं लागलं, असं शरणपरंपरा सांगते. त्या चर्चांना मानसोपचार म्हणणं ओढूनताणून होईल. पण समोर बसून, नेमकं विचारून, स्वतःच्या अनुभवातून बोलायला लावणं, हे या मातीला परकं नाही एवढं नक्की.

याच मुलखात दुःखाला आवाज देण्याची आणखी एक जागा आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. अफजलपूर तालुक्यातलं गाणगापूर, भीमा-अमरजेच्या संगमाजवळचं नृसिंह सरस्वतींचं ठाणं. गाव कर्नाटकात, महिमा सांगणारा ‘गुरुचरित्र’ ग्रंथ मराठीत, आणि येणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातल्या कुटुंबांची रीघ. दुपारची आरती सुरू झाली की ‘बाधा’ झालेली माणसं घुमू लागतात, खांबांवर चढतात, किंचाळतात, देवाशी भांडतात. त्यांत बायका पुष्कळ. जी घरात सासऱ्यासमोर मान वर करत नाही, ती इथं शेकडो लोकांसमोर ओरडून बोलते आणि कुणी तिला गप्प करत नाही, कारण बोलतेय ती नव्हे, तिच्या अंगातलं कुणीतरी बोलतंय, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

सुशिक्षित लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा तिथं माणसाला काय मिळतं ते पाहावं. तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या गंभीर मनोरुग्णांचा अभ्यास बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. तिथल्या मुक्कामात त्यांची लक्षणं मोजण्याइतकी कमी झाली होती, आणि त्या जागेचा आपुलकीचा आधार हे त्याचं संभाव्य कारण त्यांनी मांडलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, त्याच राज्यातल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. दोन्ही घटना एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधण्यावर सरळ बंदी घातली आहे.

गाणगापुरात आवाज बाहेर येतो, पण त्याची मालकी भुताकडे जाते. भूत निघालं की बाई पुन्हा त्याच घरात, त्याच जागी. खुर्चीत बसून तीच बाई सासूचा आवाज काढते, उठून आपल्या जागी येते आणि उत्तर देते, तेव्हा दोन्ही आवाज तिचेच राहतात. त्या उठण्यात मोठी ताकद आहे. जिला देवाच्या दारात समाधान मिळतं तिचं ते काढून घ्यायचं कारण नाही; पण ते मिळवण्यासाठी तिला आपलं बोलणं दुसऱ्याच्या नावावर खपवावं लागतं, याची खंत वाटायला हवी.

अर्थात, खुर्च्यांची ही रीत अमेरिकेतून उचलून जशीच्या तशी तालुक्याच्या दवाखान्यात मांडता येणार नाही. आपल्याकडे खुर्ची म्हणजे मान. गावात ती पाटलाची असते, साहेबाची असते, घरात सासऱ्याची असते. कितीतरी सुना आजही वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीत बसत नाहीत. कितीतरी दलितांनी आपल्या बापाला दुसऱ्याच्या वाड्याच्या दाराबाहेर उभं राहिलेलं पाहिलं आहे. अशा माणसाला ‘त्या खुर्चीत बसा आणि सासरे होऊन बोला’ म्हटलं तर त्याची दातखीळ बसेल. तिथं सतरंजीवर दोन पाट मांडावेत, किंवा नुसत्या दोन जागा ठरवाव्यात. मग त्याला सवड देत देत, तिसऱ्या-चौथ्या भेटीत, खुर्चीवर बसायला सांगावं. कारण त्या माणसासाठी तिथं बसणं हेच उपचाराचं निम्मं काम असू शकतं.

‘स्वीकार’ या कल्पनेचाही घोटाळा होतो. आपल्याकडे पदरी पडलं ते पवित्र मानायची सवय इतकी मुरलेली, की ॲक्टमधला स्वीकार म्हणजे नशिबाला मान तुकवणं, असं ऐकणाऱ्याला चटकन वाटतं. मारहाण सोसणाऱ्या बाईला कुणी स्वीकार शिकवू लागला तर तो अपराध होईल. ॲक्टमध्ये स्वीकारायची असते ती मनात उठणारी भीती, लाज, दुःख, परिस्थिती नव्हे. पोलीस ठाण्याची पायरी चढताना पाय लटपटतील, त्या लटपटण्यासकट चढायचं, हा तिचा अर्थ. समुपदेशकाला हा फरक मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत स्वच्छ सांगता आला पाहिजे. येत नसेल तर त्यानं ही पद्धत हातात घेऊ नये.

पुरावा काय, असं विचारणं रास्त आहे. सँड्रा पैव्हिओ आणि ग्रीनबर्ग यांनी १९९५ मध्ये, जवळच्या माणसाविषयी मनात साचून राहिलेल्या जुन्या राग-दुःखावर रिकाम्या खुर्चीचा संवाद आणि नुसती माहितीपर शिकवण यांची तुलना केली. खुर्चीचा गुण उघडपणे सरस ठरला. ॲक्टवर शेकडो चाचण्या झाल्या आहेत. दोहोंचा मेळ त्या मानानं ताजा आहे, तेव्हा त्याला रामबाण म्हणून डोक्यावर घेऊ नये. आवाज खरोखर कानावर ऐकू येणारे रुग्ण, ताज्या आघातातून गेलेली माणसं, आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस, यांच्यासमोर शिकाऊ हातानं खुर्ची मांडणं धोक्याचं आहे. मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून बोलायला लावण्याचं काम तर अनुभवी उपचारकाचंच.

सोपी अंगं मात्र गावापर्यंत नेता येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं ॲक्टवर बेतलेला ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा कार्यक्रम युगांडातल्या छावणीत, दक्षिण सुदानमधून परागंदा झालेल्या सुमारे सातशे स्त्रियांमध्ये तपासला. पाच बैठका, ध्वनिमुद्रित आवाज, चित्रांचं पुस्तक आणि बैठका चालवायला थोडंसं प्रशिक्षण मिळालेल्या साध्या बायका. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर त्या स्त्रियांचा मानसिक ताण कमी झालेला होता. ते ध्वनिमुद्रण इंग्रजीत नव्हतं, त्या बायका बोलतात त्या जुबा अरबीत होतं. आपल्या जवळचं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं. ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली आणि उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

कर्नाटकाचा इतिहास या बाबतीत अभिमानाचा आहे. निम्हान्सनं ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात जे काम उभं केलं, त्याच्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांचं क्लिनिक भरतं. पण एक डॉक्टर आणि बाहेर रांग, अशा ठिकाणी गोळी लिहून देण्यापलीकडे वेळ उरणं कठीण. खुर्चीच्या एका बैठकीला पाऊण तास लागतो, शिवाय दार लावता येईल अशी खोली लागते. सोबत आलेल्या भावाला, नवऱ्याला बाहेर बसवावं लागतं. हे काम जिल्हा कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञानं आणि सामाजिक कार्यकर्त्यानं करायचं आहे, आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण, वेळ आणि खोली देणं हे शासनाचं काम आहे.

भाषेचा मुद्दा इथं आडवा येत नाही, उलट मदतीला येतो. या दोन जिल्ह्यांत वाढलेल्या कोणत्याही परिचारिकेला किंवा कार्यकर्त्याला दोन-तीन भाषा येतातच. तिनं सूचना कन्नडमध्ये द्याव्यात, पेशंटनं आतल्या आवाजाच्या खुर्चीत मराठीत बोलावं, तिसऱ्या खुर्चीत जी भाषा येईल ती येऊ द्यावी. तिसऱ्या खुर्चीत एखादा माणूस मराठी सोडून दखनी बोलू लागला तर त्याला अडवू नये. जी भाषा कमी बोचते तिच्यातून स्वतःकडे पाहणं सोपं जात असेल. हॅरिस यांचा प्रयोग आठवला की ही शक्यता तपासून पाहण्यासारखी वाटते. बिदरचं बीआरआयएमएस आणि कलबुर्गीचं जीआयएमएस ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं असा अभ्यास व्हायला हवा. अशी बहुभाषिक माणसं देशात फार थोड्या जिल्ह्यांना मिळतात.

आणि ही कुणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं, की आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. माहितीला जो न्याय, तोच उपचारातल्या संभाषणालाही लागू करा, अशी मागणी बिदर आणि कलबुर्गीच्या लोकप्रतिनिधींनी बंगळूरला आणि लातूर-सोलापूरच्यांनी मुंबईला करावी. चारही जिल्ह्यांच्या समुपदेशकांचं एकत्र प्रशिक्षण उदगीरला किंवा बसवकल्याणला भरवता येईल. पेशंट तर आधीपासूनच सीमा ओलांडून येतात-जातात. तोवर ज्याला आज रात्रीच बोलायची गरज आहे त्यानं १४४१६ फिरवावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि तिच्या भाषांमध्ये कन्नड आहे तशी मराठीही आहे.